हृदय त्यांचं, धडधड तुमची

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

माझं वय ६६, यजमानांचं ७१. आम्ही सांगलीत राहतो. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ह्यांना अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणतात पंपिंग चांगलं आहे, काळजीचं कारण नाही. पण दवाखान्यातून घरी आलेला माणूस मला ओळखीचा वाटत नाही. पूर्वी रोज सकाळी आयर्विन पुलापर्यंत फिरून यायचे. श्रावणात सोमवारी सायकलवरून हरिपूरला जायचे. मंडईत दोन रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत घालायचे. आता दिवसभर खुर्चीत बसून असतात. टीव्ही चालू असतो, पण बघत नाहीत. पहाटे चारला जाग येते ती येतेच. जेवण निम्म्यावर आलंय. काही विचारलं की खेकसतात. परवा म्हणाले, "उगाच वाचवलंत मला."

मी एकदा मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं तर "मी काय वेडा आहे का?" म्हणाले आणि दोन दिवस अबोला धरला. मुलगा बंगळूरला असतो. त्याचं म्हणणं, "आई, एवढं मोठं दुखणं झाल्यावर असं होतंच, तू टेन्शन घेऊ नकोस."

माझं म्हणाल तर रात्री दोन-तीनदा उठते आणि त्यांच्या नाकाजवळ हात धरून श्वास चालू आहे ना बघते. त्यांचं अळणी वेगळं आणि माझं वेगळं, असा दोनदा स्वयंपाक करते. भजनी मंडळात जाणं बंदच झालं. छातीत मधूनच धडधडतं. मागच्या महिन्यात औषधाच्या दुकानात सहज बीपी मोजलं तर १६४ वर ९६ निघालं. मला बीपीची गोळी चालू आहे, पण ह्यांच्या गडबडीत माझी राहून जाते. शेजारच्या काकू म्हणतात, नवऱ्याच्या काळजीनं तुलाही हार्टचं दुखणं लागेल. असं खरंच होतं का? आणि ह्यांना झालंय तरी काय?

— एक वाचक, सांगली

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य बाकी सगळ्याच्या आधी घ्यायला हवं. "उगाच वाचवलंत मला." ते वैतागून बोलले असतील, किंवा मनापासून बोलले असतील. अंदाजानं ते ठरवता येत नाही, म्हणून त्यांनाच विचारा, आणि आजच विचारा. टीव्ही बंद करा, शेजारी बसा आणि आडवळण न घेता म्हणा, "तुम्हाला जगणं नकोसं झालंय का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच बऱ्याच जणांना हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं, किंवा ते गप्प राहिले आणि तुमच्या मनाला शंका आली, तर त्यांना एकटं ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि मुलाला बोलावून घ्या. "टेलि-मानस" ही सरकारी सेवा आहे, तिचा नंबर १४४१६. चोवीस तास चालू असते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यांचं उत्तर काहीही येवो, औषधांचा डबा आजपासून तुमच्याकडे ठेवा आणि त्या त्या वेळेच्या गोळ्या तेवढ्या त्यांच्या हातावर द्या. हृदयाच्या आणि बीपीच्या काही गोळ्या जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेततं.

आता तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींकडे येते.

मी तुमच्या यजमानांना पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान मी करणार नाही. पण पहाटे चारची जाग, तुटलेली भूक, चिडचिड, आवडीच्या सगळ्या गोष्टींतून उडालेलं मन, आणि हे सगळं इतके महिने, असं तुम्ही जसंच्या तसं सांगितलंत तर कुठल्याही जाणत्या डॉक्टरांच्या मनात नैराश्याचा विचार येईल. उतारवयातलं नैराश्य फार फसवं असतं. माणूस रडत नाही, "मी दुःखी आहे" असंही म्हणत नाही. अंगात त्राण नाही, पोट साफ होत नाही, झोप नाही, असं काहीतरी सांगतो, नाहीतर घरच्यांवर डाफरतो. पुरुषांचं तर फारच. मग घरातले म्हणतात स्वभाव बदलला, नातेवाईक म्हणतात वय झालं, आणि आजार तसाच राहतो.

हे किती सर्रास घडतं ते आपल्याच देशातल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यातल्या साठीच्या पुढच्यांना ठरावीक प्रश्न विचारले, तेव्हा ८.३ टक्क्यांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं सापडली. म्हणजे साधारण बारा जणांत एक. पण "मला डॉक्टरांनी नैराश्य आहे असं सांगितलंय" असं म्हणणारे एक टक्कासुद्धा नव्हते. दहातल्या नऊ जणांचं दुखणं कुणी ओळखलेलंच नव्हतं. तुमचे यजमान या नऊ जणांत असण्याची दाट शक्यता मला वाटते.

तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अटॅकनंतर पहिले काही आठवडे माणूस घाबरलेला, हळवा असतो. प्रत्येक कळ म्हणजे दुसरा अटॅक वाटतो, जिना चढायची भीती वाटते. हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. पण इतके महिने उलटूनही तो माणूस खुर्चीतून उठत नसेल तर "असं होतंच" म्हणून सोडून देण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे. आणि हृदयरोग्याच्या बाबतीत हे सोडून देणं जास्त महागात पडतं. १९९३ मध्ये मॉन्ट्रियलच्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटॅक येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दवाखान्यात असतानाच ज्यांच्यात नैराश्य दिसलं होतं, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका बाकीच्यांच्या सुमारे चौपट निघाला. हृदयाला किती इजा झाली होती हे हिशेबात धरूनसुद्धा. त्यानंतर यावर पुष्कळ काम झालं, आणि २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं हृदयरोग्यांची नैराश्यासाठीही चाचणी करावी असं डॉक्टरांना सांगितलं.

मनातली उदासी हृदयापर्यंत पोहोचते कशी, हे समजलं तर यजमानांशी बोलणं तुम्हाला सोपं जाईल. नैराश्यात शरीर सतत संकटात असल्यासारखं वागतं. कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलीनसारखी ताणाची संप्रेरकं चढी राहतात, नाडी जलद चालते, बीपी वर राहतं. निरोगी हृदयाचे ठोके विश्रांतीत मंदावतात, श्रमात वाढतात, श्वासागणिक थोडे बदलतात. नैराश्यात ही लवचीकता कमी होते. रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, लवकर चिकटतात, म्हणजे गुठळी व्हायला निमित्त मिळतं. रक्तवाहिन्यांच्या आत दाह धुमसत राहतो. हे झालं शरीरातलं. त्याहून साधी गोष्ट अशी की उदास माणूस फिरायला जात नाही, नीट जेवत नाही आणि गोळ्या चुकवतो. स्टेंट बसवलेल्या माणसानं रक्त पातळ ठेवायची गोळी मनानं बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. "काय करायचंय घेऊन" म्हणून ते गोळी उशीखाली सारत नाहीत ना, तेही बघा. मी असं झालेलं पाहिलं आहे, आणि घरच्यांना महिनोन् महिने पत्ता नव्हता.

पंपिंग चांगलं आहे हा रिपोर्ट खरा आहे आणि त्याचा आनंदच आहे. पण टू-डी एकोत मन दिसत नाही.

आता शेजारच्या काकूंकडे वळू. त्या बोलल्या ते टोचलं असेल, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. डेन्मार्कमध्ये देशातल्या सगळ्या माणसांच्या औषधांच्या आणि आजारांच्या नोंदी असतात. त्या चाळून तिथल्या संशोधकांनी अटॅक आलेल्या रुग्णांच्या नवऱ्यांचं आणि बायकांचं काय झालं ते तपासलं. जोडीदार गेला असेल तर नैराश्याची औषधं वाढणार हे कुणीही सांगेल. पण जोडीदार वाचून घरी आला, तरीही मागे राहून सगळं निभावणाऱ्या माणसाची नैराश्याची औषधं वाढलेली दिसली. तुम्ही रात्री उठून त्यांच्या नाकाजवळ हात धरता, त्याची कुठल्याही नोंदवहीत नोंद होत नाही. पण त्या प्रत्येक वेळी तुमची झोप मोडते, छाती धडधडते आणि तुमचं बीपी चढतं.

नवरा-बायकोचं बीपी तसंही एकमेकांना धरून चालतं. अमेरिका, इंग्लंड, चीन आणि भारत या चार देशांतल्या मध्यमवयीन आणि वयस्क जोडप्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात दर पाचांतल्या जवळपास एका जोडप्यात दोघांनाही उच्च रक्तदाब होता. नवऱ्याला बीपी असलेल्या बायकांमध्ये ते असण्याचं प्रमाण बाकीच्या बायकांपेक्षा १९ टक्क्यांनी जास्त होतं. इंग्लंड-अमेरिकेत हा फरक फक्त ९ टक्के होता. आपल्याकडे दोघं एकाच ताटातलं मीठ खातात, एकाच काळजीनं जागतात, आणि एकानं बाहेर पडणं थांबवलं की दुसरीही घरात अडकते. तुमच्याकडे मीठ आता वेगळं झालं असलं, तरी बाकीचं नेमकं असंच झालं आहे.

आणखी एक अभ्यास तुम्हाला सांगावासा वाटतो, कारण त्यात धोक्याबरोबर दिलासाही आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी ६६ वर्षांपुढच्या, नवरा किंवा बायकोसोबत राहणाऱ्या लोकांचा चार वर्षं पाठपुरावा केला. त्यांतल्या काहींचा जोडीदार आजारी होता, काहींचा नव्हता. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका जोडीदार धडधाकट असलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त होता. पण सेवा करणाऱ्या ज्यांना तसा ताण नव्हता, त्यांच्यात धोका वाढलेला आढळला नाही. ताई, हे दुसरं वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही यजमानांचं करता त्यात काही चूक नाही, ते थांबवायचंही नाही. एकटीनं, झोप मोडून, स्वतःची गोळी विसरून करता, ते बदलायचं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की तुमच्या घरात इलाज दोघांचा एकत्र व्हायला हवा, आणि सुरुवात तुमच्यापासून व्हायला हवी. "माझं काय, माझं नंतर बघू" हे आपल्याकडच्या बायकांच्या तोंडी इतकं बसलेलं आहे की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही. उद्या तुम्ही आडव्या झालात तर त्यांना गोळी कोण देणार, असा व्यवहारी मुद्दा मी मांडू शकले असते. तो मला मुद्दाम मांडायचा नाही. त्यांची काळजीवाहू म्हणून तर आहेच, पण तुमचा जीव तुमच्यासाठीही मोलाचा आहे, तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

१६४ वर ९६ हे एकदाच मोजलेलं आहे, दुकानात उभ्या-उभ्या. त्यानं घाबरून जाऊ नका, पण ते दुर्लक्ष करण्यासारखं मुळीच नाही. दंडाला पट्टा लावायचं मशीन घरी आणा. सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी असं मोजा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर. त्याआधी अर्धा तास चहा नको, आणि मोजताना बोलायचं नाही. आकडे वहीत लिहा. घरी मोजलेलं सरासरी १३५ वर ८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर गोळी वाढवायची की बदलायची ते डॉक्टर ठरवतील. पण सात दिवस पूर्ण व्हायची वाट न बघता गोळी आजपासून रोज सुरू करा. यजमानांच्या गोळ्यांच्याच वेळेला, एकत्र बसून. दोघांच्या गोळ्या एका वेळी झाल्या की तुमची विसरणार नाही आणि त्यांची चुकली तर लगेच दिसेल. मध्ये कधी वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर थोडं थांबून पुन्हा मोजा, आणि तेवढाच राहिला तर त्याच दिवशी दाखवा.

धडधडीसाठी ईसीजी काढून घ्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. धडधड काळजीची असू शकते, पण ते तपासणीनंतर म्हणायचं. बायकांच्या हृदयविकाराची लक्षणं छातीतल्या कळेपेक्षा वेगळी असू शकतात. दम लागणं, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, मळमळ, दरदरून घाम, विनाकारण गळून गेल्यासारखं होणं. असं काही झालं तर "गॅसेस असतील" म्हणत ओवा चावत बसू नका, १०८ ला फोन करा. अति मानसिक धक्क्यानं हृदयाचा डावा कप्पा काही काळ फुग्यासारखा सुजून नीट आकुंचन पावेनासा होतो, असाही एक विकार आहे. १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला ताकोत्सुबो असं नाव दिलं. तो मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांत आढळतो. लक्षणं हुबेहूब अटॅकची असतात, आणि घरी बसून त्यांतला फरक कुणालाही ओळखता येत नाही.

आता यजमानांना डॉक्टरांपर्यंत नेण्याचं. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलंत आणि अबोला झाला, कारण त्यांनी ते स्वतःच्या डोक्याविषयी शेरा म्हणून ऐकलं. आयुष्यभर हिशेबानं काम केलेल्या, घर चालवलेल्या माणसाला तसं वाटणं मी समजू शकते. म्हणून पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञांची नको, हृदयाच्या डॉक्टरांची घ्या. त्यांचा ते शब्द मानतात. पुढच्या भेटीआधी एका कागदावर तुम्ही मला लिहिलंत तेच लिहा: झोप किती, जेवण किती, चालणं किती, परवाचं ते वाक्यही. तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात तोंडी सगळं आठवत नाही. डॉक्टरांना सांगा की यांना नैराश्याचे दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कुठलीही गोष्ट करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही असं किती दिवस झालं? उदास, हताश किंवा निराश किती दिवस वाटलं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण असतात आणि बेरीज तीन किंवा जास्त आली तर पुढची तपासणी करायची असते. हे प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारा, ताई. गुण मला कळवायची गरज नाही, पण तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

त्याच भेटीत त्यांचं थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं सोडियम तपासायला सांगा, कारण यातलं काही बिघडलं की माणूस असाच मलूल होतो. हृदयाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकरनं, अंग जड वाटू शकतं. मात्र ती मनानं बंद करायची नाही, फक्त विचारायचं.

मग हृदयाच्या डॉक्टरांनीच "यांना एकदा दाखवा" असं लिहून दिलं की गोष्ट सोपी होते. आणि नेताना "तुम्हाला दाखवायला जायचंय" असं म्हणू नका. "मला धडधडतं, झोप लागत नाही, माझ्यासोबत चला, दोघांचं दाखवून येऊ" असं म्हणा. यात लपवाछपवी काहीच नाही, ते अगदी खरं आहे. तुम्हाला मिरज जवळ आहे, तिथे डॉक्टरांची वाण नाही. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येईल.

औषधाची भीती वाटेल. "गुंगीत ठेवतात", "सवय लागते" असं लोक सांगतील. नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. जुन्या पद्धतीच्या काही गोळ्या हृदयाला चालत नाहीत, म्हणून तिथे स्टेंटचा कागद आणि सगळ्या चालू गोळ्या सोबत न्यायच्या. नव्या गटातली सर्ट्रालिन हृदयरोग्यांमध्ये सुरक्षित असल्याचं २००२ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. डॉक्टरांना दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं. अ‍ॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. आणि वयस्कर माणसात सोडियम उतरू शकतं, त्यातही लघवी होण्याची गोळी चालू असेल तर जास्त. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण यायला त्याहून अधिक. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका.

नैराश्य उतरलं म्हणजे हृदयाचं आयुष्य नक्की वाढतं का? याचं उत्तर अजून एकमुखी नाही. २००३ मध्ये निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या जवळपास अडीच हजार रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना समुपदेशन दिलं गेलं. त्यांचं मन सुधारलं, पण पुन्हा अटॅक येण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण घटलं नाही. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या ३०० रुग्णांच्या चाचणीत मात्र सहा महिने एस्सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी दिलेल्या गटात पुढच्या आठेक वर्षांत हृदयाच्या गंभीर घटना कमी घडल्या. ४१ टक्क्यांच्या आसपास, तर बिनऔषधाच्या गोळ्या दिलेल्या गटात ५४ टक्क्यांच्या आसपास. मला विचाराल तर नुसतं मन सुधारलं तरी इलाज सार्थकी लागला. खुर्चीत बसून काढलेली दहा वर्षं कुणाला हवीत?

गोळीइतकंच हालचालीचं महत्त्व आहे. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करा, पण आयर्विन पुलाचं नाव काढू नका. तो फार लांबचा पल्ला आहे, आणि जमला नाही की "बघ, संपलोच मी" असं त्यांना वाटेल. कोपऱ्यावरून दूध आणायचं, दोघांनी, एवढंच. आठवडाभर तेवढंच. उत्साह आला की मग जाऊ, असं म्हणून थांबू नका. नैराश्यात उत्साह आधी येत नाही, चालायला लागल्यावर मागून येतो. योगासनं आवडत असतील तर तीही चांगली. भारतातल्या २४ रुग्णालयांत अटॅकनंतरच्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित कार्यक्रमाची चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आले. पुढच्या अटॅकमध्ये ठोस फरक पडला नाही, पण लोकांना बरं वाटू लागलं आणि ते रोजच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. तुमच्या यजमानांना नेमकं तेच हवंय. हळूहळू मंडईत पाठवा, यादी तुम्ही करा, भाव त्यांना करू द्या. "तुम्ही बसा, मी आणते" हे तुम्ही प्रेमानं म्हणत असाल, पण त्यातून "आता तुमच्याकडून काही होणार नाही" असंच त्यांच्या कानावर पडतं.

दोनदा स्वयंपाक आजच बंद करा. बीपी तुम्हालाही आहे, मग अळणी एकट्या त्यांचंच का? जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणशी दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. भाजीत मीठ निम्मं करा आणि लिंबू, आमसूल, लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड सढळ हातानं घाला. त्यांच्या ताटात तुमच्यासारखंच अन्न आलं की आपण वेगळे, आजारी, ही जाणीव थोडी कमी होईल. तुमचा एक तास वाचेल. त्या तासात भजनी मंडळात जा. हे मी गमतीत सुचवत नाही. चार बायकांत बसून मोठ्यानं गाणं हा तुमच्या बीपीच्या इलाजाचा भाग आहे असं समजा. तेवढा वेळ ते घरी एकटे राहू शकतात का, हे त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरवा. शंका असेल तर कुणाला तरी सोबतीला बसवून जा.

एका गोष्टीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक जोडप्यांत ती घडते म्हणून लिहिते. अटॅकनंतर भीतीनं दोघांची अंथरुणं लांब जातात, स्पर्शही थांबतो. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. दोन मजले जिना छातीत न दुखता, दम न लागता चढता येत असेल तर सहसा जवळीक करायला हरकत नसते, तरी डॉक्टरांना निःसंकोच विचारा. फक्त जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ज्यांना दिली आहे त्यांनी सिल्डेनाफिलसारखी, म्हणजे व्हायग्राच्या जातीची, गोळी कधीही घ्यायची नाही, बीपी धोकादायक उतरतं. आणि तेवढं काही नको असेल तरी हात हातात घेऊन झोपायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. श्वास बघायला रात्री उठावं लागणार नाही हा त्यातला आणखी एक फायदा.

मुलाशी मात्र तुम्ही फोनवर खरं बोला. तो रविवारी "बाबा कसे आहेत?" विचारत असेल आणि तुम्ही "बरे आहेत" म्हणत असाल. बंगळूरहून त्याला खुर्ची दिसत नाही. हे उत्तर त्याला पाठवा. त्याला सांगा की दर महिन्याला दोन-तीन दिवस येऊन तू बाबांजवळ थांब, म्हणजे मी बहिणीकडे जाऊन रात्रभर झोपेन. दवाखान्याच्या पुढच्या भेटीला त्यानं यावं, आणि "आई, तुझं बीपी किती आलं?" हेही दर फोनला विचारावं. पैसे पाठवणं सोपं असतं, तो बहुधा पाठवतही असेल. तुम्हाला त्याचे दोन दिवस हवे आहेत, तर ते मागा.

सात दिवसांचे बीपीचे आकडे आणि दोघांचे रिपोर्ट हाती आले की, हवं तर, मला लिहा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची नावंही कळवा, त्यांतलं काही समजलं नसेल तर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते आपण मिळून ठरवू.